सात मशिनींचा प्रल्हाद

दुपारी अडीचच्या सुमारास मोबाइलवर प्रल्हादचं नाव आलं आणि मी तो वाजू दिला. जेवून नुकताच आडवा झालो होतो. म्हटलं, कुठली तरी मशीन बंद पडली असेल आणि हा मला टॉर्च धरायला बोलावत असेल. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, तर पलीकडे रेखावहिनी. "भाऊजी, लवकर या, हे बोलूनच नाई राह्यले..." एवढंच त्यांना म्हणता आलं. सिंदी मेघेत आमची घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी फक्त मान हलवली. पहिल्या दोन वेळी उचलला असता तर काही फरक पडला असता का, हे मी त्यांना विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

प्रल्हाद माझा शाळेपासूनचा मित्र. तो फ्रिज-कूलर दुरुस्त करायचा, मी सरकारी कचेरीत कारकून. नऊ वर्षांपूर्वी त्याने नागपुरात मिठाईची मशीन पाहिली आणि येडाच झाला. काचेचं कपाट, आत ट्रे, ट्रेमध्ये गोल गोल स्प्रिंगा. नोट सरकवा नाहीतर कोड स्कॅन करा, नंबर दाबा, स्प्रिंग फिरते आणि लाडवाचं पाकीट खाली पडतं. त्याने अशा सात जुन्या मशिनी शोधून आणल्या, अर्धे पैसे मी घातले. एक बसस्थानकावर, दोन दवाखान्यांत, तीन कॉलेजांत आणि एक पार कारंज्याला, हायवेवरच्या धाब्यात. "हाताचं काम मायं, जिभेचं तुयं," अशी त्याने वाटणी केली. म्हणजे मशिनी त्याने सांभाळायच्या आणि माल कोणाकडून घ्यायचा ते मी ठरवायचं.

मी ते डिसेंबरात ठरवलं. नागपूरकडचा एक चकचकीत माणूस सोनेरी डब्यांतून चॉकलेटची बर्फी घेऊन आला. कचेरीत चौघांना चाखवली, चौघंही वा वा म्हणाले. आम्ही सगळे इथलेच. मे महिन्यात नळाचं पाणी चटका देतं हे जन्मापासून माहीत असलेले. तरी स्वेटर घालून बर्फी खाताना एकाच्याही डोक्यात मे महिना आला नाही. प्रल्हादने तेवढं विचारलं होतं, "उन्हाळ्यात टिकन का बे हे?" मी ते हसण्यावारी नेलं. मग उन्हाळा आला. बसस्थानकावरच्या मशीनची काच पश्चिमेला, त्यात दुपारची वीज गेलेली. बर्फीचा पाक होऊन स्प्रिंगांत उतरला, मोटारी जाम झाल्या, वर मुंग्या. थोड्याफार फरकाने सातही मशिनींत हेच. आठ दिवस तो गरम पाण्याची बादली आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक स्प्रिंग धूत बसला. मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त माल निवडायचं काम माझ्याकडून काढून घेतलं... आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याची माल निवडायची तऱ्हा मात्र पाहण्यासारखी होती. कोणी नमुना आणला की तो जागेवर चाखायचाच नाही. स्कूटरच्या डिक्कीत टाकायचा आणि तीन दिवस उन्हातान्हात फिरवायचा. चौथ्या दिवशी चव घ्यायची. त्यात पास झाला तर तो माल सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि ज्याचा माल त्यालाच बटण दाबायला लावायचं. वरून पडून फुटला की "घेऊन जा." केळझरच्या शोभाताईंचे शेंगदाण्याचे लाडू दोनदा फुटले. त्या वैतागल्या. "भाऊ, तुम्ही लाडू घेऊन राह्यले का हेल्मेट?"

"ताई, दवाखान्यात कोणाचा माणूस आत असते, तो बाहेर उपाशी बसून राह्यते. त्याच्या हातात भुगा देऊ का मी?"

तिसऱ्या खेपेला त्यांनी तूप कमी केलं, गुळाचा पाक जरा जास्त घट्ट केला. लाडू धप्पकन पडला आणि अख्खा राहिला. तेव्हापासून लाडू त्यांचेच.

हे सगळं कौतुकाचं, पण याच सगळ्यानं त्याला जखडलं. प्रत्येक मशीनवर त्याने स्वतःचा नंबर रंगवून घेतला होता, 'माल नाही पडला तर मला फोन करा.' लोक करायचे आणि हा जायचा. कारंजा म्हणजे दीड तासाचा रस्ता, एका चिक्कीसाठी तिथेही जायचा. अमरावतीला एका लग्नात हातात अक्षता असताना फोन आला, तर गडी न जेवता निघाला. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात मोटारी, हिवाळ्यात उंदीर. दोनदा माणूस ठेवून पाहिला, दोघांनीही पेचकस घालून स्प्रिंगा वाकवल्या. नऊ वर्षांत जिल्ह्याबाहेर त्याने एक मुक्काम केला नाही. "सात म्हशी बांधून ठेवल्या बे मी," म्हणायचा, "रोज धारा काढा लागते, अन् पाहुणपणाले जाता येत नाई." आधी तो हे हसत सांगायचा. पुढे पुढे हसणं गेलं. बोलता बोलता फोनकडे बघत राहायचा.

त्याची मुलगी स्नेहल पुण्याला. तिला मुलगी झाली. आजोबाने नात पाहिली ती फोनच्या काचेत. मी तोवर निवृत्त झालो होतो. सकाळी फिरणं, पेपर आणि झोप, याशिवाय मला उद्योग नव्हता. दिवाळीत तो आला. "विनू, एक महिना पाह्यशीन का मशिनी? शिकवतो मी तुले. कठीण काई नाई." मी म्हणालो, संक्रांत होऊ दे. संक्रांतीनंतर म्हणालो, परीक्षांचे दिवस जाऊ दे, कॉलेजांत गर्दी असते. नात रांगायला लागली, मग भिंत धरून उभी राहायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने सरळ विचारलं, "काऊन टाळून राह्यला बे?"

"अरे, तुझ्याशिवाय कोणाला जमतं ते?" मी म्हणालो.

त्याने स्कूटरची किल्ली उचलली. "हो... ते पण खरं हाय," म्हणाला आणि निघाला. मी त्याची स्तुती केली नव्हती. मला चिकट हात नको होते, आणि ते त्याला समजलं होतं. आज हे लिहितोय, कारण आता माझ्याशिवाय हे कोणाला माहीत नाही.

तो गेल्याच्या पाचव्या दिवशी वहिनींनी त्याचा फोन आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. "अर्ध तुमचं पण आहे न, भाऊजी." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. कारंज्याच्या धाब्यावरची बाई म्हणाली, "भाऊ, चिक्की लटकून राह्यली, पडतच नाई." एसटीने गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा मशीनचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटवलेला होता, प्रल्हादच्या अक्षरात.

'विनू, आधी बटण बंद करजो. तिसरी स्प्रिंग डावीकडं ओढते, जोर नको लावू, हातानं अर्धा फेरा मागं घे. लाडू वर, चिक्की खाली. नाई समजलं तं फोन कर, मी पुण्यालेच आहो. महिन्याभरात येतोच.'

अर्धा फेरा मागे घेतला. चिक्की पडली. बाई म्हणाली, "झालं न!" मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या आठवड्यात बाकीच्या मशिनी उघडल्या. सातही दारांत चिठ्ठी आहे, प्रत्येकीत त्या त्या मशीनच्या खोडी लिहिलेल्या. चिकटपट्टीच्या कडा तपकिरी झाल्यात. म्हणजे त्याने त्या दिवाळीतच लावल्या असणार, मी हो म्हणेन असं धरून. मग मी संक्रांत सांगितली, परीक्षा सांगितल्या, आणि तो रोज दार उघडत राहिला. दर वेळी समोर माझं नाव.

वहिनी पुण्याला गेल्या आहेत. इथे मी एकटा मशिनींपाशी आहे आणि मला कुठे जाता येत नाही. त्याने मागितलेला एक महिना परवा भरला. चिठ्ठ्या अजून तिथेच आहेत... काढायला हात धजत नाही.