ग्रुप फोटोतली डावीकडची बाई

"हाई सुभाषनी माय नही शे," धुडकू आबा म्हणाले आणि मी दिलेला फोटो त्यांनी काउंटरवर पालथा ठेवला.

सुभाष म्हणजे त्यांचा मोठा मुलगा. तो शेजारीच उभा होता आणि पार ओशाळला होता. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. तिथून सकाळची एसटी धरून दोघं धुळ्याला आमच्या स्टुडिओत आले होते. आबांची बायको केसरबाई, तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला फोटो हवा होता. आयुष्यात तिचा एकच फोटो निघालेला, धाकट्या मुलीच्या लग्नातला घरच्या मंडळींचा ग्रुप. तोही आमच्याच स्टुडिओने काढलेला. निगेटिव्ह आमच्याकडे होती. तिच्यातून केसरबाईंचा तेवढा चेहरा मोठा करून द्यायचा, एवढंच काम.

ते मी चोख केलं होतं. आमच्याकडे वाटणीच तशी होती. फोटो काढायला बाहेर हे जायचे, म्हणजे माझे मिस्टर. डार्करूम माझी. माझं माहेर जळगावचं, मेहरूणचं. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण डेव्हलपरच्या ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर माणूस उमटताना पहिल्यांदा पाहिला आणि मी त्या खोलीतून बाहेर पडलेच नाही. ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची. खेड्यातली लग्नं अजून ब्लॅक अँड व्हाइटमध्येच निघायची.

हे आतून बाहेर आले. "काय झालं आबा?"

"दुसरी बाई दी तुम्ही माले."

"दुसरी कशी असेल? निगेटिव्ह आहे ती. कॅमेरा काही मनचं सांगत नाही."

"मंग मी मनचं सांगस का?" आबांचा आवाज चढला नव्हता. "इतला वरीस दखं मी तिले. तिनं तोंड लांबं व्हतं. हाई बाई गोल शे."

सुभाष माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नका. आई गेल्यापासून त्यांचं असंच चाललंय. तुम्ही फ्रेम करून द्या, आम्ही नेतो."

मी फ्रेम करून दिली असती. धंद्यात असे लोक रोज येतात. आपला फोटो पाहून 'हा मी नाही' म्हणणारे तर निम्मे असतात. पण आबा स्वतःबद्दल बोलत नव्हते. आणि ते रागावलेही नव्हते. घरी कोणी परकी बाई आली असावी तसे ते त्या पालथ्या फोटोकडे बघत होते.

मी मूळ ग्रुप फोटो मागितला. सुभाषने पिशवीतून काढून दिला. अंगणात दोन रांगा. मध्ये नवरा-नवरी, मागे काका, मामा, आत्या. अगदी डाव्या टोकाला केसरबाई. उजव्या टोकाला एक भरल्या अंगाचा तरुण.

"हे कोण?"

"मी आहे ना ताई."

मी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. समोर उभा होता तो माणूस काडीसारखा. गालफडं बसलेली, मान लांब.

"तेव्हा तुम्ही जाड होता का?"

"मी? कधीच नाही. या लग्नातला सदरा अजून तस्साच होतो मला."

मी यांच्याकडे वळून विचारलं, "हा ग्रुप कोणत्या लेन्सने काढला होता?"

"अठ्ठावीसने. दुसरा इलाज नव्हता. अंगण हे एवढं. माझी पाठ गोठ्याच्या भिंतीला लागली होती."

इथे थोडं लेन्सविषयी सांगायला हवं. आमच्याकडे तीन लेन्स होत्या. पन्नासची, म्हणजे नॉर्मल. ती साधारण आपल्या डोळ्यासारखं दाखवते आणि बहुतेक कामं तिच्यावर होतात. एकशे पस्तीसची, पोर्ट्रेटसाठी. ती लांबून चेहरा भरून घेते. माणसाच्या तोंडाजवळ कॅमेरा न्यावा लागत नाही, त्यामुळे नाक मोठं आणि कान लहान असले प्रकार होत नाहीत, आणि माणूसही बुजत नाही. तिसरी अठ्ठावीसची, वाइड अँगल. छोट्या जागेत पुष्कळ काही मावतं तिच्यात. लग्नाच्या घरात तिच्यावाचून पान हलत नाही. यांचा तिच्यावर फार जीव.

पण तिची एक खोड आहे. टॉर्चचा झोत भिंतीवर सरळ मारला तर गोल पडतो. तोच बाजूला तिरपा मारला तर लांबट पसरतो. वाइड लेन्समध्ये मधली माणसं सरळ झोतात असतात आणि कडेची तिरप्या. कडेची भिंत, दार, खिडकी ठीक दिसतात, कारण त्या सपाट वस्तू. माणसाचं डोकं सपाट नसतं. ते आडवं ताणलं जातं. ग्रुपमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो आणि मग नवरीला. कडेचा तेवढाच चेहरा कापून मोठा केला की मात्र ताण उघडा पडतो.

"आबा बरोबर सांगताहेत," मी यांना म्हटलं.

"थोडा फरक पडतो कडेला. पण इतका?"

"सुभाषभाऊंकडे बघा आणि सांगा."

यांनी फोटो उचलला, सुभाषकडे पाहिलं, आणि फोटो खाली ठेवला. मग स्टूल ओढून बसले.

चूक म्हणावी तर ती यांची नव्हती. तेवढ्या अंगणात पन्नासची लेन्स लावली असती तर निम्मे पाहुणे बाहेर राहिले असते. पण आमच्या शिक्क्याचा फोटो होता आणि एका माणसाला त्याची बायको परत हवी होती.

उपाय डार्करूममध्ये होता, आणि तो अवघड नव्हता. एनलार्जर म्हणजे खाली तोंड केलेला प्रोजेक्टरच. निगेटिव्हचं चित्र तो खाली कागदावर पाडतो. कागदाची पाटी एका बाजूने उचलून तिरपी केली की चित्र त्या दिशेने लांब होतं. पुन्हा टॉर्चचाच हिशेब. चेहऱ्याची उंची वाढवली की रुंदी आपोआप आटोक्यात येते. लेन्सने तिरपेपणाने जे बिघडवलं ते तिरपेपणानेच सुधारायचं.

अडचण वेगळीच होती. पाटी किती उचलायची?

हे म्हणाले, "त्यात काय? तीन-चार प्रिंट काढ. आबा सांगतील ती फायनल."

मला ते पटेना. केसरबाईंना मी कधी पाहिलेलं नव्हतं. आबांनी एक फोटो नाकारलाय. दुसरा दाखवला तर विचारात पडतील, तिसऱ्याला थकून हो म्हणतील. आणि जो चेहरा आम्ही भिंतीवर लावून देऊ, पुढे तोच त्यांच्या डोळ्यांत बसेल. आठवण अशीच पुसली जाते, वर दुसरं काही लिहून. तिचा चेहरा मी माझ्या अंदाजाने घडवायचा हा अधिकार मला कोणी दिला नव्हता. काहीतरी माप हवं होतं.

माप समोरच बसलं होतं, चहा पीत.

"सुभाषभाऊ, तुमचा एक फोटो काढू या."

"माझा? माझा कशाला?"

"तुम्ही त्या ग्रुपमध्ये उजव्या टोकाला आहात, आई डाव्या टोकाला. दोघंही मधल्यापासून सारखेच लांब. म्हणजे जेवढे तुम्ही ताणले गेलात तेवढीच ती ताणली गेली. तुमचा चेहरा पुन्हा तुमच्यासारखा झाला की आईचा तिच्यासारखा होईल."

त्याने कप खाली ठेवला आणि खिशातून कंगवा काढला.

फोटो यांनी काढला. एकशे पस्तीसची लेन्स लावली आणि सुभाषला स्टुडिओच्या पार मागच्या भिंतीशी उभं केलं. ग्रुपच्या वेळी तो कॅमेऱ्यापासून जितका लांब होता साधारण तितकाच. हे महत्त्वाचं. चेहऱ्याचा आकार लेन्सपेक्षा अंतरावर जास्त ठरतो. अंतर तेच ठेवलं, म्हणजे उरलेला सगळा फरक कडेच्या ताणाचा.

"हसू का?" सुभाषने विचारलं.

"लग्नात हसला होता का?" यांनी विचारलं.

"बहिणीची पाठवणी होती. कसला हसतो."

"मग तसंच."

बापलेक जेवून येईपर्यंत मी रोल धुतला, वाळवला आणि सुभाषचं पोर्ट्रेट काढलं. ते टेबलावर समोर उभं केलं. मग एनलार्जरमध्ये ग्रुपची निगेटिव्ह घातली आणि आधी उजव्या टोकाचा सुभाष पाटीवर पाडला. हनुवटीकडची बाजू उचलून खाली लाकडाचा ठोकळा सरकवला. गाल थोडे उतरले. अजून एक ठोकळा. पट्टीने कानापासून कानापर्यंत मोजायचं, कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजायचं, आणि पोर्ट्रेटशी ताडून बघायचं. पाटी इतकी तिरपी झाली की वरची कड फोकसमध्ये आणली तर खालची सुटायची. लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून ते जमवलं. त्यामुळे एक्स्पोजर लांबलं. हनुवटी दिव्याच्या जवळ आलेली, तिथे उजेड जास्त पडत होता. तिच्यावर हाताने सावली धरावी लागली. पण शेवटी पाटीवरचा सुभाष आणि टेबलावरचा सुभाष एकाच माणसाचे दिसू लागले.

ठोकळे तसेच ठेवले. निगेटिव्ह सरकवून डावं टोक पाटीवर घेतलं.

आबा तोवर परत आले होते. मी दार किलकिलं करून विचारलं, "आबा, आत येता का?"

गिऱ्हाईकाला आम्ही डार्करूममध्ये घेत नसू. त्या दिवशी का बोलावलं ते मला नीट सांगता येणार नाही. हाती आलेला फोटो पाहून सकाळी त्यांचं जे झालं ते पुन्हा काउंटरवर, चारचौघांत होऊ नये, असं काहीतरी असावं. ते चपला बाहेर काढून आत आले. लाल दिव्याला थोडे बिचकले. मी त्यांना ट्रेजवळ उभं केलं आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडला.

आधी केस दिसू लागले. मग कुंकू, भुवया, डोळे. मग गालांची कड. निगेटिव्हवरचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यामुळे सगळीकडे वाळूसारखे कण दिसत होते. पण कणांच्या आड एक लांबट, दमलेला, किंचित गोंधळलेला चेहरा होता. मी ट्रे हलवत राहिले. आबांकडे बघायचा धीर झाला नाही.

"उनी," आबा म्हणाले.

आली, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या बोलीत तो मी रोज ऐकत होते. बस उनी, लाइट उनी. त्या दिवशी कागद वेळेवर ट्रेमधून काढायचा राहिला आणि प्रिंट थोडी जास्त काळी झाली. दुसरी काढावी लागली.

प्रिंट वाळत होती तेव्हा सुभाषने भिंतीवर लावायला मोठी साइज मागितली. मी नको म्हटलं. इतक्या छोट्या चेहऱ्याची मोठी प्रिंट काढली असती तर लांबून चेहरा दिसला असता आणि जवळून नुसती रेती. हातात धरता येईल एवढीच ठेवा म्हटलं. तो आग्रह करणार होता, पण आबांनीच मान हलवली. त्यांना हातात धरायचाच होता.

मी सहज विचारलं, "आबा, नवरीची आई ना त्या? मग मध्ये का नाही उभ्या राहिल्या?"

"पाव्हनास्ले जेवाले वाढी राहिंती ती," आबा म्हणाले. "फोटोना टाइमले तिले कोनीच बलावं नही. मीच हाक मारी. मंग उनी हात पुशीसन, आनि जठे जागा भेटनी तठे उभी राहिनी."

हे स्टुलावर बसून ऐकत होते.

वर्षश्राद्ध झाल्यावर सुभाष एकदा पेरू घेऊन आला. फोटो आबांच्या उशाशी असतो म्हणाला. स्वतःचं पोर्ट्रेटही मागून घेऊन गेला.

अठ्ठावीसची लेन्स आम्ही विकली नाही. छोटी घरं काही मोठी होणार नव्हती. पण ग्रुपसाठी हे शक्यतो पन्नासची लावू लागले आणि त्यासाठी मंडळींना अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून शेजारच्या खळ्यात न्यायचे. लोक कुरकुरायचे. कॅमेरा लावण्याआधी हे मोठ्याने विचारायचे, "चुलीपाशी कोण आहे? त्यांना आधी बोलवा."

आणि जिथे वाइड लावण्यावाचून गत्यंतरच नसे, तिथे ते म्हाताऱ्या माणसांना मधोमध बसवायचे आणि तरण्या पोरांना दोन्ही टोकांना पिटाळायचे. पोरं तोंड वाकडं करायची. हे म्हणायचे, "जा रे कडेला. तुमचे अजून पुष्कळ फोटो निघायचेत."