आतोबा परत आले की यंत्र पास

आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, नाकासमोर चालणारे गृहस्थ. अडचण एवढीच, की नाक कुठल्या दिशेला आहे हे त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. एकदा ते आजारी साडूंना भेटायला दवाखान्यात गेले आणि भलत्याच पेशंटच्या उशाशी बसून, तासभर गप्पा मारून, फळं ठेवून आले. तो पेशंट अजून त्यांना आवर्जून फोन करतो. साडू बोलत नाहीत.

अशा माणसाचा कुणी उपयोग करून घेईल असं वाटलं नव्हतं, पण आत्याने घेतला. ती डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात नोकरीला आहे. हातात धरायची जीपीएस यंत्रं कोणती ठेवायची, ते तीच ठरवते. कंपनीच्या माहितीपत्रकाला ती काडीची किंमत देत नाही. "मुलीच्या आईने मुलीचे गुण सांगावेत तसं असतं ते," म्हणते. ती यंत्र बादलीत बुडवते, जिन्यावरून सोडते, जाड हातमोजे घालून बटणं दाबते, भर उन्हात पडदा वाचता येतो का बघते. आणि शेवटी ते आतोबांच्या हाती देऊन त्यांना धरणामागच्या जंगलात सोडते. आतोबा संध्याकाळच्या आत फाटकापाशी परत आले तर यंत्र पास. नाही आले तर नापास, आणि मग आम्ही त्यांना हाका मारत फिरतो.

एका यंत्राने दाट झाडीत दगा दिला. आतोबा धरणाच्या मधोमध आहेत असं ते दाखवायला लागलं. आतोबांनी निमूटपणे बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोरड्या ठणठणीत वाटेवरून तसेच चालत राहिले. यंत्रावर एवढा विश्वास ठेवणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

गेलं वर्षभर मात्र एकही यंत्र नापास झालं नव्हतं. "यंत्रं फार सुधारली गं," असं आत्या कौतुकाने सांगायची.

गेल्या रविवारी मामला गंभीर होता. डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या बचाव पथकाला नवी यंत्रं घ्यायची होती, तीही आत्याच्या शब्दावर. तिची चूक झाली तर धुक्यात कुणाच्या तरी जिवावर बेतणार. तपासायचं यंत्र एकदम गुळगुळीत, बटण औषधालाही नाही, नुसती काच. आत्याचं मन त्याच्यावर बसलं होतं, हे मला दिसत होतं. ती ते सारखं पदराने पुसत होती; बादली आणि हातमोजे तर तिने या खेपेला वगळलेच होते.

आतोबांना सोडून आम्ही फाटकापाशी येऊन बसलो. पथकाचे प्रमुखही आले. मग उन्हं कलायच्या बऱ्याच आधी, झाडीतून शीळ घालत आतोबा हजर! चाल अशी, की जंगल त्यांनीच लावलंय.

"पास!" आत्या अक्षरशः उडी मारून उठली. "साहेब, डोळे मिटून घ्या हे."

प्रमुख हसले. आत्याने आतोबांच्या हातून यंत्र घेतलं आणि आतोबा चालून आलेली वाट बघायला काचेवर बोट फिरवलं. काच ढिम्म. परत फिरवलं. पडद्यावर ओढा दिसत होता, ओढ्याशी एक ठिपका होता, आणि वेळ दोन तासांपूर्वीची होती.

"अहो, हे तर ओढ्यापाशीच बंद पडलंय."

"हो, ओलं झालं जरा."

"मग तुम्ही आलात कसे?"

आतोबा बुटाच्या टोकाने माती उकरू लागले. "वडाकडून उजवीकडे. मग दोन खडकांच्या मधून. आता पाठ झालंय गं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

आत्या मटकन दगडावर बसली. वर्षभराची सगळी पास यंत्रं माझ्याही डोळ्यांपुढून गेली. मला हसू दाबता येईना आणि भीतीही वाटत होती.

"बोलला का नाहीत?"

"रस्ता कळतो म्हटल्यावर तू मला कशाला आणशील बरोबर?" आतोबा म्हणाले. "दुसरा कुणी हरवणारा आणशील."

यंत्र पिशवीत टाकून आत्या प्रमुखांकडे वळली. "साहेब, हे घेऊ नका. काच पाण्याला भिते. तुम्हाला बटणांचंच हवं, पण तेही मी पुन्हा तपासून देते. वर्षभराची सगळीच तपासते. चूक माझी आहे." मग आतोबांकडे न बघता म्हणाली, "पुढच्या रविवारी खिंडीपलीकडच्या जंगलात जायचं."

"तिथलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही," आतोबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं.

त्या आनंदात ते तरातरा पुढे गेले, दार उघडून गाडीत मागच्या सीटवर बसले आणि काच खाली करून आम्हाला हात करू लागले. आमची गाडी पलीकडे, झाडाखाली होती. ही प्रमुखांची.

मी हाक मारणार तेवढ्यात आत्याने माझा दंड धरला. आयुष्यात कधी वाट न चुकलेली माझी आत्या सरळ त्या परक्या गाडीकडे गेली, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आतोबांच्या शेजारी जाऊन बसली.