पैठणीला कात्री लावणारी मावशी

माझ्या धाकट्या मावशीच्या मते जगात फॅशनची तीनच ठिकाणं होती: पॅरिस, मुंबई आणि कॉलेज रोडच्या मागची तिची गल्ली. त्यातल्या पहिल्या दोहोंचं तिला फारसं कौतुक नव्हतं. गल्लीत एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला सायकलचं दुकान, आणि मधे मावशीचं बुटिक. 'बुटिक' हा शब्द तेव्हा नवा होता. गिरणीवाले काका त्याला शेवटपर्यंत 'शिलाईचं दुकान' म्हणत राहिले आणि मावशी शेवटपर्यंत त्यांना सुधारत राहिली. तिच्या गळ्यात कायम मोजपट्टी असायची, लग्नकार्यातसुद्धा. रस्त्यात ओळख ना पाळख अशा बाईला थांबवून ती सांगायची, "ताई, साडी छान आहे हं. पण ब्लाउज तुमच्यावर रुसलंय." त्यातल्या निम्म्या बाया रागावत आणि उरलेल्या निम्म्या चार दिवसांनी दुकानात येत. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना ती अंतरपाटाच्या मागे शिरली आणि नवरदेवाच्या शेरवानीची उसवलेली बाही शिवून, दाताने दोरा तोडून, अक्षता पडायच्या आत आपल्या जागेवर येऊन बसली. भटजींनी एक ओळ दोनदा म्हटली, एवढंच काय ते झालं.

नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकमध्ये कलेचं नुसतं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत ऑर्केस्ट्रा, कॉलेजाकॉलेजांत बँड, घाटावर पाण्यात पाय सोडून देवळं रंगवणारे चित्रकार, आणि दर दुसऱ्या घरात राज्य नाट्यस्पर्धेची तालीम. या सगळ्यांना कपडे लागत, आणि ते मावशीच शिवत असे. म्हणजे ते मागत एक आणि मावशी शिवत असे दुसरंच. एका ऑर्केस्ट्राच्या गायिकेच्या झग्याला तिने इतक्या टिकल्या लावल्या की त्या प्रत्येक तानेला चार-पाच गळायच्या. तबलजी कार्यक्रमभर तबल्यावरून टिकल्या झटकत होता. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या बँडला तिने कांद्याच्या गोणपाटाची जाकिटं शिवून दिली, का तर "नाशिकची पोरं आहात, कांद्यासारखी दिसा ना." गोणपाटाने अंग खाजायला लागलं. गिटारवाला पोरगा वाजवता वाजवता खांदे घुसळायला लागला, ड्रमवाला पाठ खुर्चीवर घासायला लागला, आणि समोरच्या पब्लिकला वाटलं ही काहीतरी परदेशी स्टाइल आहे. पुढचा महिनाभर कॉलेज रोडवर चहाच्या टपरीपाशी धडधाकट पोरं विनाकारण खांदे घुसळत उभी असायची. मावशी हे अभिमानाने दाखवायची. "बघ," म्हणायची, "लाट आलीये."

पण अख्ख्या नाशिकला कपडे घालणाऱ्या या बाईच्या हातचं एकही चिरगूट तिच्या सख्ख्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, अंगाला लावलं नव्हतं. त्याला कारण होतं. आजी गेली तेव्हा तिच्या मागे एकच पैठणी उरली होती, जांभळी, पदरावर मोर असलेली. आईने ती स्वतः न ठेवता धाकटीला दिली, तिच्या लग्नात नेसायला. मावशीने लग्न केलंच नाही. उलट एके दिवशी एसटीने ती पैठणी घेऊन येवल्याला गेली आणि एका विणकराला विचारून आली की ही कापायची तर कशी कापू. तो म्हातारा मागावरून उठूनच उभा राहिला म्हणे. "ताई, आम्ही इणायचं काम करतो. कापायचं आम्हाला इचारू नका, लय पाप हाय." मावशी परत आली आणि तिने दुकानाचं शटर ओढून त्या पैठणीला कात्री लावली. तिचा लांब कोट शिवला. आईला कळलं तेव्हा आई फार काही बोलली नाही. शाळेत शिक्षिका होती ती. वर्ग गप्प करायला तिला आवाज चढवावा लागत नसे. "आईच्या पैठणीला कात्री लावलीस. आता तुझ्या हातचं मी काही घालणार नाही," एवढंच म्हणाली. येणंजाणं, दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, सगळं चालू राहिलं. फक्त दर सणाला मावशी काहीतरी शिवून आणायची आणि आई "ठेव तिथे" म्हणायची. ते तिथेच राहायचं. आमच्या कपाटाचा वरचा कप्पा अशा न घातलेल्या ब्लाउजांनी भरला होता. मावशी हसण्यावारी न्यायची, पण जाताना त्या कपाटाकडे एकदा बघून जायची, आणि मला तिची फार दया यायची.

मग मावशीने ठरवलं की नाशिकचा स्वतःचा असा फॅशन शो करायचा. कपडे नाशिकचे, मॉडेल नाशिकचे, पडदे घाटावरच्या चित्रकाराने रंगवलेले. पंचवटीतलं एक मंगल कार्यालय तिला मार्चमधल्या एका रविवारी चटकन मिळालं. मॅनेजर म्हणाला, "त्या दिवशी कोणी घेतच नाही मॅडम." मावशीला वाटलं, काय नशीब आहे. का घेत नाही, हे तिने विचारलं नाही. तिच्या दुकानात परदेशी मॉडेलांच्या फोटोंचं कॅलेंडर होतं. त्यात तिथी कुठून असणार. तो रविवार रंगपंचमीचा होता. बाकी महाराष्ट्र धुळवडीला रंग खेळून मोकळा होतो, पण नाशिक पंचमीपर्यंत दम धरतं आणि मग त्या दिवशी शुद्धीवर नसतं. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं. पण मावशीचं प्रत्येक काम जगावेगळं, तेव्हा हेही तिने मुद्दामच केलं असणार, असं समजून कोणी बोललंच नाही.

रंगपंचमीला आमच्याकडे रहाडी उघडतात. पेशव्यांच्या काळचे हे जमिनीतले मोठे हौद वर्षभर बुजवलेले असतात. त्या दिवशी ते उकरून रंगाने भरायचे आणि माणसांनी त्यात धप्पा मारायचा, म्हणजे धाडकन उडी घ्यायची. एका रहाडीचा रंग पिवळा, दुसरीचा गुलाबी, आणि दोन्ही आठवडाभर निघत नाहीत. संध्याकाळी मॉडेल जमले ते असे. गोणपाटवाला गिटारिस्ट हळदीसारखा पिवळा. ऑर्केस्ट्राची गायिका गुलाबी, तिच्या केसांतून रंग टपकत होता. मी कानापर्यंत हिरवी. समोरच्या प्रेक्षकांत कोण कोण बसलंय हे त्यांच्या घरच्यांनाही ओळखू येत नव्हतं. मावशीने कॅसेटवर मंद परदेशी संगीत लावलं, पण बाहेर चौकात ढोल सुरू होता, आणि ढोल ऐकून नाशिकच्या माणसाला सरळ चालता येत नाही. पहिला मॉडेल रॅम्पवर दोन पावलं नीट चालला आणि तिसऱ्या पावलाला नाचायला लागला. त्याच्या मागून आलेला नाचतच आला. तिसरी रांग तर प्रेक्षकांतलीच होती. मावशी विंगेत गळ्यातली मोजपट्टी आवळून उभी होती आणि प्रत्येकाला बजावत होती, "चालायचं रे, चालायचं." कोणी ऐकत नव्हतं. मला इतकं हसू येत होतं की माझा घागरा दोनदा सुटला.

शेवटी पैठणीच्या कोटाची वेळ आली. तो गायिका घालणार होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. एकही माणूस कोरडा नव्हता. मावशीने मुकाट्याने कोटाची घडी घालायला घेतली. तेवढ्यात मला घरी न्यायला आई आत आली. आई रंग खेळत नसे; त्या दिवशी ती भर मार्चमध्ये अंगात रेनकोट चढवून बाबांच्या स्कूटरवरून आली होती. रेनकोट काढला तर आत पांढरी सुती साडी, एक डाग नाही.

"हे का ठेवतेयस?" आईने विचारलं.

"सगळे ओले आहेत," मावशी म्हणाली. रस्त्यावरच्या परक्या बायांना बेधडक बोलणारी मावशी पुढचं बोलायला कचरली.

आईने हात पुढे केला. "आण. काय करून ठेवलंयस ते बघू तरी." इतक्या वर्षांत तिने तो कोट एकदाही पाहिला नव्हता. तिने तो उलगडला, पाठीमागून पाहिला आणि तशीच उभी राहिली. पाठीवर आजीचा पदर होता, अख्खा. मोर जागच्या जागी होते.

"पदर नाही कापलास?"

"त्याला कसा हात लावीन गं, ताई."

आईने कोट घातला. दोन्ही खांदे हलवून बघितले. "काखेत घट्ट होतोय," ती म्हणाली.

"तुझंच माप आहे. तुझ्या जुन्या ब्लाउजवरून घेतलेलं. तेव्हाचं."

आईने चष्मा सारखा केला आणि स्टेजवर गेली. बाहेर ढोल टिपेला पोचला होता, आणि त्या ढोलावर सबंध संध्याकाळभरात फक्त माझी आई सरळ चालली, प्रार्थनेच्या रांगा तपासायला निघाल्यासारखी. टोकाशी थांबली, पाठ फिरवून पदर दाखवला आणि परत आली. पिवळी, गुलाबी, हिरवी माणसं उठून टाळ्या वाजवत होती. मावशी विंगेत खाली बसून हमसून हमसून रडत होती. गिटारिस्टने आपुलकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या ब्लाउजवर त्याचा पिवळा पंजा उमटला. आईने कोट काढलाच नाही. त्यावरच रेनकोट चढवला, मानेपासून खालपर्यंत नीट बटणं लावली आणि स्कूटरवर बसून तशीच घरी गेली.

त्या शोची गावात पुष्कळ चर्चा झाली. दोन हॉलवाले स्वतःहून विचारायला आले, चित्रकाराने नवे पडदे रंगवायला घेतले, बँडने नवी जाकिटं मागितली. मावशी सगळ्यांना बघू बघू म्हणत राहिली आणि कोणालाच हो म्हणाली नाही. पुढे शहरात मोठमोठी काचेची दुकानं आली, तिच्याकडची गर्दी ओसरली, डोळ्यांनी साथ सोडली आणि बुटिक बंद झालं. आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा मी मावशीकडे बसले होते, तेव्हा जुन्या गोष्टी निघाल्या आणि मी तिला विचारलं की एवढं नाव झाल्यावर तू दुसरा शो का नाही केलास.

मावशीला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"अगं, तेव्हा आणखी कोणाला दाखवायचं राहिलं होतं?" ती म्हणाली.