जुना चौदा, नवा सत्तावीस

दाराबाहेरच्या तिण्णैच्या ओट्यावर बसायची सवय असली की किस्से आपोआप साठतात. डब्यातल्या मुरुक्कूसारखं, चकलीच ती, एक काढायला जावं तर चार अडकून येतात. आमच्या सन्दुतला, म्हणजे गल्लीतला, नकाशाचा डबा आज उघडते.

शेजारच्या सरोजाक्काच्या मीनाक्षीला नोकरी लागली. ऑर्डर रजिस्टर पोस्टानं आली आणि परत गेली! कागदावर घर नंबर सत्तावीस, तो नवा. दारावर चौदा, तो जुना. कॉर्पोरेशननं नंबर बदलले, कुणी रंगवलेच नाहीत. पोस्टमनही नवा.

"ऑफिसनं पुन्हा पाठवलीय," सरोजाक्का रडायला लागली. "ही पण परत गेली तर जागा दुसरीला!"

मी म्हटलं, "घर आहे, तू आहेस, रडणं पण आहे. नंबर तेवढा कुठं गेला?"

*

माझी नात रेवती कॉलेजात कंप्युटर शिकवते. ती म्हणाली, "आजी, फोनवर एक नकाशा आहे, लोकच भरतात तो. नवा पोस्टमन त्यातच बघतो. आपला सन्दु त्यात नाहीच. भरूया."

रविवारी आली चार पोरी घेऊन, मला पाट्टी म्हणजे आजी म्हणणाऱ्या. एकीनं विचारलं, "पाट्टी, सन्दुचं नांव काय?"

"पाटीवर एक आहे. लोक म्हणतात पंपाचा सन्दु. माझी सासू म्हणायची चिंचेचा."

"चिंच कुठं आहे?"

"सासूबरोबर गेली."

पोरगी गोंधळली. रेवती म्हणाली, "तिन्ही घाल. शोधणारा कुठलंही टाकेल."

मग मी हळूच चौथं दिलं, "कमलाबाईचा सन्दु." पोरीनं घातलं की! संध्याकाळी रेवतीनं पुसलं. पण दुपारभर मी रस्ता होते!

*

माझी नणंद पापनाशमला असते, इथनं कुंभकोणमच्या वाटेवर. म्हटलं, दाखव तिचं गांव. पोरीनं टाकलं, तर डोंगर आणि धबधबा! खाली दक्षिणेत त्याच नांवाचं दुसरं गांव आहे म्हणे.

"नुसतं नांव टाकून होत नाही पाट्टी, जिल्हा पण टाकायचा."

मी लगेच नणंदेला फोन लावला. "अगो, धबधब्यावर गेलीस, आम्हाला सांगितलं पण नाहीस!"

ती हळू आवाजात म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

*

पोरी दारोदार नंबर टिपत निघाल्या. नऊच्या शेजारी एकतीस, त्याच्या शेजारी पुन्हा नऊ! हा दुसरा नऊ टेलरचा.

"तुमचा नंबर बत्तीस ना?" रेवतीनं विचारलं.

"बत्तीसात धंदा चालेना. ज्योतिषानं नऊ लावायला सांगितला."

"आणि पत्रं?"

"ती बत्तीसलाच येतात. पण बत्तीस कुठंच नाही, म्हणून परत जातात!"

*

शेवटी सरोजाक्काचं दार. पोरीनं चौदा घातला. मी म्हटलं, "अगो, सत्तावीस घाल."

रेवती म्हणाली, "नाही आजी. दारावर लिहिलेलं दिसेल तेच घालायचं. सांगण्यावरून नाही."

"पेंटर गुरुवारी येतो म्हणाला," सरोजाक्का पुन्हा रडायला लागली. "पत्र तर उद्याच येईल."

"सरि, बरं," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्या आत जाऊन कापी प्या."

पोरी कापी पिऊन बाहेर आल्या. दारावर हा एवढा थोरला सत्तावीस, भोवती वेलबुट्टी! आम्ही कोलमची रांगोळी काढतो त्या तांदळाच्या ओल्या पिठानं. रेवतीनं दार बघितलं, मग माझी पांढरी बोटं बघितली.

"आजी, हे कुणी लिहिलं?"

"मला काय विचारतेस? दिसतंय ना?"

तिनं ओठ चावत सत्तावीस घातला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. फोन बघत बघत बरोबर त्याच दारासमोर थांबला. वर बघितलं, पुन्हा फोन बघितला.

"इथं तर दोन लिहिलंय."

सरोजाक्कानं छातीवर हात ठेवला. मी चष्मा लावून उठले. सात नव्हताच! त्याच्या जागी मुंग्यांची काळी रांग, प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण.

पोस्टमन वाकला. रांग कुठनं येते, कुठं जाते, नीट बघितलं. मग खिशातनं पेन काढून सरोजाक्काच्या हातात दिलं.

"लौकर सही करा अम्मा. आता दोनाला लागल्यात!"