अन्पोनं जावयाला मारलेली हाक

अन्पो मोठी तोंडाळ बाई. छावणीत या, असा गोऱ्यांच्या फौजेचा निरोप घेऊन आलेल्या दुभाष्याला तिनं तोंडावर सुनावलं होतं, "मेल्या, कमरेएवढ्या बर्फात तुझी आई चालेल का छावणीपर्यंत?" पण जावयाशी, हेखाकाशी, ती आठ वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. आम्हा अमेरिकेतल्या लाकोटा जमातीत सासू-जावयानं एकमेकांकडं बघायचं नाही, बोलायचं नाही. मान राखायचा तो असा. काही सांगायचं झालं तर लेकीमार्फत.

"हापान, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, सरपण संपलं."

"हापान, आईंना सांग, आणलंच समजा."

तंबू एकच, तरी बोलणं असं चालायचं.

सोन्यासाठी गोरे आमच्या काळ्या डोंगरांत घुसले. डोंगर तुमचेच, असा कागद त्यांच्याच सरकारनं करून दिलेला. मग फौजेनं धरावं कुणाला? चोरांना ना? छे, चोरांना सोडून आम्हालाच हुकूम, की मुकाट्यानं छावणीत या. आम्ही गेलो नाही.

म्हणून एका पहाटे फौजेनं वस्ती पेटवली. अन्पोनं रानगव्यांच्या कातड्यांचा स्वतः शिवलेला तंबू, आतल्या हिवाळ्याच्या मांसासकट, तिच्या डोळ्यांदेखत जळाला. बायका पोरांना घेऊन टेकाडावर चढल्या. घोडे नसतील तर पोरं थंडीनं मरतील, म्हणून हेखाका एकटा ओढ्याकाठचे घोडे आणायला निघाला.

वरून अन्पोला दिसलं, ओढ्यातल्या झुडपांत शिपाई दबा धरून बसलेत. तिनं हापानला हाक मारली, पण ती पोरांबरोबर पार पुढं गेलेली. निरोप द्यायला जवळ कुणीच नाही. अन्पो क्षणभर घुटमळली. मग लाज गुंडाळून ठेवून ओरडली, "हेखाका, इकडं बघ! मी हात करतेय तिकडं शिपाई आहेत!"

सासूचा आवाज कानावर पडताच त्यानं काय केलं असेल? मान खाली घातली, घोंगडी तोंडावर ओढली आणि पाठ फिरवली. पुढचं त्यानं ऐकलंच नाही. त्या हरामखोरांनी तशाच अवस्थेत त्याला गोळ्या घातल्या.

फौज गेल्यावर अन्पोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, घोंगडी बाजूला केली. हनुवटीवर जुना व्रण होता. आठ वर्षांत तो तिला ठाऊकच नव्हता.

हापान धावत आली तेव्हा आई त्याच्या तोंडाकडं बघून त्याला शिव्या घालत होती. "मूर्खा, एकदा बघितलं असतंस माझ्याकडं, तर काय आभाळ कोसळणार होतं?"

हापाननं तिला गप्प केलं नाही.