माहितीपत्रकातली चार पानं

आमचा पहिला फ्रिज माझ्या लाजाळूपणामुळे मेला.

नव्वदच्या दशकात तो आमच्या श्रीरामपूरच्या गल्लीत आला, तेव्हा त्याला हळदकुंकू लावून झाल्यावर माहितीपत्रक माझ्या हातात देण्यात आलं. बाबांचं इंग्रजी सहीपुरतं. शेजारच्या हौसाकाकू म्हणाल्या, "इंग्लिश मीडियमची पोर हाय, वाच की गं मोठ्यानं!" वीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. (मी वर्गात हजेरी देतानाही घाबरायचे.) पहिलं पान कसंबसं पुटपुटले, मधली चार पानं एकदम उलटली आणि म्हणाले, "बाकी काही विशेष नाही."

त्या थंडीत मटार स्वस्त झाले. आईने दहा किलो आणले, आम्ही सगळ्यांनी बसून सोलले. तिने दाणे उकळत्या पाण्यातून काढले, पंच्यावर सुकवले आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरून त्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवली. पिशव्या फुकट, जागाही कमी! मग तिने पुण्याच्या आत्याला पत्र टाकलं, "वन्सं, मे महिन्यात या. मटारची उसळ खाऊ घालते."

उत्तर आलं, "मे महिन्यात मटार? सुमन, बरी आहेस ना?"

तेव्हापासून आईची अब्रू त्या फ्रीझरमध्ये होती.

मे महिन्यात आत्या आली, सरबत प्यायली आणि म्हणाली, "दाखव तुझे मटार." आईने फ्रीझर उघडला. आत हिमालय! पिशव्या बर्फात पार चिणल्या गेलेल्या. एका कोपऱ्यातून चार हिरवे दाणे तेवढे दिसत होते.

"आहेत खरं," आत्या म्हणाली. "लांबूनच दर्शन घ्यायचं का?"

बाबांनी ओढून पाहिलं. हौसाकाकूंनी तापवलेलं उलथनं लावलं. मी आतल्या खोलीत जाऊन ती चार पानं वाचली. थंडावा कमीजास्त करायच्या नॉबच्या मधलं लाल बटण (आम्ही ते शोभेचं समजत होतो!) बर्फ वितळवण्यासाठी होतं. त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक सूचना होती. मी धावत बाहेर आले. तोवर निम्मी गल्ली जमली होती.

"बाबा, ते..."

"थांब गं!" बाबांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

"पण बाबा..."

"आगं, मोठ्यानं बोल की!" हौसाकाकू ओरडल्या.

सगळे माझ्याकडे वळले. झालं, माझा आवाज गेला. बाबांनी घाव घातला.

फुस्सऽऽ!

"हं, काय म्हणत होतीस?" बाबांनी विचारलं.

"टोकदार वस्तू वापरू नये."

फ्रिज थंड ठेवणारा गॅसच गेला, तसा बर्फ आपोआप पाघळला. संध्याकाळपर्यंत सगळे मटार मोकळे झाले आणि ते ठेवायला फ्रिज उरला नाही! आईने मोठं पातेलं चढवलं. उसळ, मटारभात, करंज्या. अख्खी गल्ली आमच्या अंगणात पंगतीला बसली. आत्याने तीनदा उसळ मागून घेतली आणि शेवटी म्हणाली, "मे महिन्यातले मटार, सुमन! मानलं तुला." आईचा चेहरा घरातला फ्रिज गेलेल्या बाईचा मुळीच वाटत नव्हता. तो चेहरा मला अजून आठवतो.

आता घरात कुठलंही यंत्र आलं, की मी त्याचं माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

मनातल्या मनात.