खर्ऱ्याची घिन

"म्याडम, सुनेत काही खोट असन तं आत्ताच सांगा. रविवारी बैठक हाय. मंग तिले दिग्रसले माहेरी पोचवून देतो."

शांताबाई माझ्या टेबलावर कोपर टेकून बोलत होत्या. शेजारी सून पौर्णिमा, मान खाली. दाराशी मुलगा सुमेध, कोळशाच्या खाणीत डंपर चालवणारा. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी दोघांचा संबंध जमत नव्हता, आणि आता सोयरे बसून काडीमोड ठरवणार होते.

वणीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बसून माझे केस पांढरे झाले, पण 'खोट' शब्द ऐकला की अजून डोकं फिरतं.

"खोट नाण्यात पाहतात, मावशी. तुम्ही दोघं बाहेर बसा."

पौर्णिमाला तपासलं. सगळं ठीक होतं. फक्त हात जवळ नेला की खालचे स्नायू आवळले जात. आम्ही याला व्हजायनिस्मस म्हणतो. बाई मुद्दाम करत नाही. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते ना, तसंच ते.

"दुखतं?"

"दुखते. पण त्याच्या आधी घिन येते."

"नवऱ्याची?"

"अव माय! ह्यायची कायले येईन? ह्यायच्यावर तं भल्ला जीव हाय." मग ओढणी तोंडावर धरून म्हणाली, "खर्ऱ्याची येते."

खर्रा आमच्याकडे कोणाला समजावावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला ऐवज. ड्युटीवर झोप लागू नये म्हणून सुमेधच्या गालात तो कायम असायचा.

घिन, म्हणजे किळस, ही अंगाची राखणदार. घाण आत जाऊ नये म्हणून ती दार लावते. माणसाची ओढ वाटली की ती जरा बाजूला सरते, नाहीतर कोणी कोणाचं चुंबन घेतलंच नसतं. पण किळस आधी पोचली तर ओढ येतच नाही. अंग कोरडं राहतं, आवळतं, दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी घिन आणखी लवकर येते.

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं नं! वास येते म्हटलं. तवापासून ते गुलाबाचा मसाला टाकून घोटून राह्यले."

मला हसू आवरेना. बिचारीला आता गुलाबाच्या अगरबत्तीनंही मळमळत होतं. मग तीही हसली.

सुमेधला आत घेतलं. त्याची समजूत अशी, की बायकोला तोच पसंत नाही. सगळं ऐकून तो एकदम खुलला.

"म्हंजे मी नाही, खर्रा?" त्यानं खिशातली पन्नी माझ्या डस्टबिनमध्ये टाकली.

"आता मी सांगेपर्यंत संबंध बंद. नुसतं जवळ बसायचं, हात धरायचा. कुठवर, ते ती ठरवेल."

"म्याडम, वर्षभर तेच तं करून राह्यलो! त्याच्यासाठी डॉक्टर कायले पायजे?"

"वर्षभर तू वाट पाहत होतास आणि ती भीत होती. आता दोघांनाही सुट्टी."

सासूला काय सांगायचं? "तुम्हीच सांगा बापा," पौर्णिमा म्हणाली. मी भांडायच्या तयारीनंच शांताबाईंना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आमचा बुढा बी खाते," त्या म्हणाल्या. "नाकाले पदर लावून संसार केला मी. मले वाटलं, बाईले हे सहनच करा लागते. कोनं इचारलंच नाही."

मी विचारलं, "मग रविवारची बैठक?"

"कायची बैठक! सोयऱ्यायले फोन लावतो."

खर्रा सुटायला वेळ लागला. सुमेध मध्ये घसरला, पुन्हा सावरला. पौर्णिमा स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकली. काही महिन्यांनी हसत आली. "म्याडम, जमलं."

"घिन?"

"याद बी नाही आली."

परवा शांताबाई एकट्याच आल्या. मी सुनेची चौकशी केली.

"तिचं मस्त हाय. मी बुढ्याचा खर्रा बंद केला."

"आता? या वयात?"

"काहून? नाक थोडंच म्हातारं होते, म्याडम?"

पौर्णिमा आली तेव्हापासून 'जमत नाही' म्हणत कोणी जोडपं आलं, की बाकीच्या तपासण्या नंतर. आधी नवऱ्याला आ करायला लावते.